लाभपाचम

कनुभाईंच्या शटरवर खडूने लिहिलं होतं,
लाभ पाचमे मळीशुं.
खाली स्वस्तिक. घाईतलं. एक पाय आखूड.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्या कानातलं यंत्र
तीनदा टुंग करून गप्प झालं होतं.
पट्टीतला शेवटचा सेल, तुरीच्या डाळीएवढा.
आधी वाटलं, बरंच झालं,
नवापुऱ्यात त्या रात्री कान हवेत कुणाला?
फटाक्यांची माळ लागली ती मला नुसती दिसली,
कुणी अंगणात लाल कागद
झटकून टाकावेत तशी.

पाडव्याला पहाटे मीठ विकणारी पोरं
सबरस, सबरस ओरडत गेली असतील.
मी दाराशी पोचले तोवर गल्ली रिकामी.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
नव्या वर्षाचं मीठ विकत घेतलं नाही.
जसुमतीबेननी नंतर वाटीभर दिलं, ते वेगळं.

मग मी तोंडं वाचली.
अजितचं सोपं, तो लहानपणापासून मोजकंच बोलतो.
केतकी चकली खाता खाता बोलते,
तिचं अर्धं मला चकलीच वाटलं.
कुणी हसलं की हसायचं,
कुणी माझ्याकडे बघून थांबलं की हो म्हणायचं.
हो-ने सहसा निभावतं.
सांगितलं का नाही?
सांगितलं असतं तर सगळे ओरडून बोलू लागले असते,
आणि ओरडून माणूस कामाचंच बोलतो.
जेवलीस का. गोळी घेतलीस का.
ओरडून कुणी गंमत सांगत नाही.

चतुर्थीला स्टेशनवर, गाडी लागलेली,
जुईने माझ्या कानाला तोंड लावलं.
ऊब कळली, चिवड्याचा वास कळला.
बरंच लांबलचक होतं काहीतरी,
मधे एकदा श्वास घेऊन पुन्हा सुरू झालेलं.
मग ती मागे सरकली आणि बघत राहिली.
मी म्हटलं, हो. अगं, हो.
ती डब्यात पळाली.

आज पाचम.
कनुभाईंच्या गल्ल्यावर नवी वही, पहिल्या पानावर कुंकू,
पहिलं गिऱ्हाईक मी. सहा सेलची एक पट्टी.
त्यांनी नोट डोळ्यांना लावली
आणि पावती मात्र जुन्याच पुस्तकातली फाडली.
तिथेच उभ्या उभ्या सेल घातला,
दांडिया बाजार एकदम अंगावर आला.
रिक्षा, शटरं, कुणीतरी कुणालातरी
अजूनही साल मुबारक म्हणत होतं.

घरी आले. फ्रिज किती बोलतो!
पाहुण्यांच्या गाद्या गच्चीत, त्यांवर कबुतरं.
डब्यात अनारशांचा चुरा, मठिये पाच.
रांगोळी पुसली तरी उंबऱ्याच्या खाचेत
जांभळा रंग आहे. राहू दे.

चष्म्याची दांडी हलत होती म्हणून खण उघडला.
सायन्स फॅकल्टीच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं
गॅल्व्हानोमीटर उघडले मी ज्याने,
तो पिवळ्या मुठीचा पेचकस जागेवर नव्हता.
त्याच्या जागी एक गुलाबी खोडरबर,
पडलेलं नव्हे, ठेवलेलं.

आधी हसले.
मग खुर्चीत बसून हिशेब केला.
पेचकस मागायला इतका वेळ लागत नाही.
मधे श्वास घ्यावा लागत नाही.
म्हणजे त्या गाडीतून माझा आणखी एक हो गेलाय,
कदाचित दोन.

रात्री फोन येईल. ऐकू येईल आता सगळं.
विचारणार नाही मी.
मे महिन्यात येतीलच, तेव्हा काय कबूल केलंय ते कळेल,
आणि जे असेल ते करावं लागेल.
तोवर चष्म्याची दांडी
दोऱ्याने बांधली आहे.